वस्तुमान स्थिर धरून

"नऊ पॉइंट आठ यायला हवं. वेळेचे आकडे थोडे मागेपुढे कर," असं मी म्हटलं आणि म्हणता म्हणता समोरच्या मुलीच्या जर्नलवरून नजर काढून घेतली. खरं तर हे वाक्य मी वर्षातून दोनशे वेळा म्हणत असेन. इथं आखातात, अल कुसैसमधली आमची शाळा, मुलींचा सेक्शन, अकरावीची फिजिक्सची लॅब, लंबकाचा प्रयोग. सगळ्या शहाण्या मुली आधी उत्तर लिहितात, मग उलट्या पावलांनी रीडिंगपर्यंत येतात. मी सही करते. जर्नलला ब्राऊन कव्हर नीट घातलेलं असलं की बोर्डाचा परीक्षकही खूश. पण ही ईरा म्हणून मुलगी त्याच वर्षी शाळेत आलेली, तिला अजून इथली रीत कळली नव्हती. तिचं उत्तर दहा पॉइंट सहा आलेलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बट मॅम, आय डिडन्ट गेट दॅट." उर्मटपणा नव्हता, खरंच प्रश्न पडला होता बिचारीला. "एव्हरीबडी डझ इट, बेटा," मी म्हटलं. 'बेटा' म्हटलं की मुली ऐकतात. तिनं मान खाली घातली, खोडरबर घेतला, घासघास घासलं आणि चुरा फुंकरीनं उडवला. त्यातला थोडा माझ्या घामट मनगटाला चिकटला. काळपट, वळ्यावळ्यांचा, अंगावरचा मळ निघावा तसा. शी! मी बेसिनवर जाऊन हात धुतले, पुन्हा धुतले. सप्टेंबर महिना, टाकीतलं पाणी गरम, साबणाला कसला तरी उग्र वास. वर डोकं केलं तर आरशात मी. सत्तेचाळीस वर्षांची बाई, मानेपासून कानापर्यंत लाल झालेली. मला तेव्हा दिवसातून आठ-दहा वेळा असं व्हायचं. आतून भट्टी पेटल्यासारखी वाफ वर चढायची, ब्लाउज भिजायचा, मग गार पडायचं. डॉक्टर म्हणाली, वयाचं आहे, जाईल. जाईल कधी, ते काही तिनं सांगितलं नाही.

आणि नेमका तोच आठवडा. माझ्या पर्समध्ये शाळेच्या प्रिंटरवर चोरून काढलेला एक ईमेल होता. घडी करकरून त्याच्या घड्या फाटायला आल्या होत्या. निनाद नावाच्या पुण्यातल्या मुलाचा. मुलाचा म्हणजे तिशीचा असेल, मुरलीधर सरांचा शेवटचा विद्यार्थी. मी सरांची पहिली. निनादनं लिहिलं होतं, "मॅडम, तुमच्या नोंदींशिवाय हा पेपर उभाच राहत नाही. तुमचं नाव दुसऱ्या क्रमांकावर घालतोय. फक्त त्र्याऐंशीचा सीझन तुमच्या मूळ वहीशी एकदा ताडून बघा आणि ओके कळवा. शनिवारी पाठवतोय." नाव! छापलेलं! पंच्याऐंशी साली अर्धा प्रबंध बासनात गुंडाळून मी सूर्यकांतच्या पाठोपाठ इथं आले. त्याला रास अल खोरला एका अ‍ॅल्युमिनियमच्या गोडाउनवर मॅनेजरची नोकरी लागली होती. त्यानंतर माझं नाव फक्त शाळेच्या आयडी कार्डावर आणि विजेच्या बिलाच्या तक्रारीवर आलं. मी तो कागद बाथरूममध्ये कडी लावून वाचायचे. हसा खुशाल. मला ते नाव हवं होतं, भुकेल्या माणसाला जेवण हवं असतं तसं हवं होतं. आणि 'ओके' म्हणायला मला सात दिवस लागत होते, कारण त्र्याऐंशीच्या त्या नोंदी खोट्या होत्या.

आमचा तारा वासुकी तारकासमूहात होता, आम्ही त्याला 'म्हातारी' म्हणायचो. आयुष्याच्या शेवटाला आलेला, फुगून लाल झालेला तारा. सुमारे वर्षभराच्या तालात तो फुगतो आणि आकसतो, उजळतो आणि मंदावतो. माझं काम एवढंच की दुर्बिणीतून बघायचं आणि शेजारच्या दोन ठरलेल्या ताऱ्यांच्या मानानं त्याचं तेज किती ते वहीत लिहायचं. तेजाच्या आकड्याला प्रत म्हणतात आणि तिचं गणित उफराटं, आकडा मोठा तितका तारा मंद. नियम दोनच. काल काय लिहिलं ते आज बघायचं नाही, आणि दुसऱ्या निरीक्षकाची वही सीझन संपेपर्यंत उघडायची नाही. लिहायचं पेन्सिलनं, कारण गच्चीवर दव पडतं आणि शाई फुटते. पेन्सिलनं लिहिलेलं खोडता येतं, ही गोष्ट मात्र कुणी नियमांत घातली नव्हती. सरांनी या म्हातारीवर सगळं गणित मांडलं होतं, त्यात पहिल्याच पानावर एक ओळ होती : 'सोयीसाठी ताऱ्याचं वस्तुमान स्थिर धरू.' धरलं. मग उत्तर असं यायचं की आतलं जळण संपेस्तोवर तारा हजारो वर्षं असाच तालात ठोके देत राहील. फार गोड उत्तर. पण असले म्हातारे तारे वस्तुमान सांभाळून बसत नाहीत. प्रत्येक फुगण्याबरोबर अंगावरचा वायू वर उचलला जातो, बाहेरच्या गारठ्यात त्याची काजळी होते, आणि ताऱ्याचाच उजेड त्या काजळीला ढकलत लांब नेतो, ती आपल्याबरोबर वायूही ओढून नेते. आतलं जळण संपतं त्याच्या कैक पट वेगानं बाहेरचं अंग झडतं. तारा मरतो तो जळून जळून नव्हे, झडून झडून. किती झडलं आणि किती वर्षांत झडलं, यावरच शिल्लक आयुष्य ठरतं. मध्येच एखाद्या वेळी भसकन मोठा लोट बाहेर पडतो आणि तो तोंडासमोर आला की तारा अचानक मंद दिसतो, ताल बरोबर असूनही.

हे सगळं मला आज नीट सांगता येतं. तेव्हा मला एवढंच दिसलं की फेब्रुवारीत, म्हातारी ऐन भरात असायला हवी तेव्हा, ती मलूल आहे. सरांनी आखलेला तेजाचा वक्र म्हणत होता पाच पॉइंट नऊ. मला दिसत होतं सात पॉइंट एक. मला पाचवा महिना होता. संध्याकाळी साडेआठला कॉलेजच्या पाण्याच्या टाकीची लोखंडी शिडी एका हातानं धरून मी चढायचे. चार संध्याकाळ लिहिलं : सात एक, सात, सात एक, सात दोन. पाचव्या दिवशी सर वर आले, माझ्या खांद्यावरून वहीत डोकावले. थर्मासमधला चहा मला ओतून दिला आणि अगदी मायेनं म्हणाले, "विभावरी, अशा दिवसांत डोळ्यांना होतं असं कधीकधी. रक्त कमी असतं. लोहाच्या गोळ्या घेताय ना? पुन्हा बघा." झालं. मी पुन्हा बघितलं. सातच होतं. आणि मी रबर घेतला. कुणी हात धरला नव्हता माझा. 'गोळ्या घेते सर' असंही वर म्हणाले. चारही आकडे खोडले, पाच नऊ, पाच नऊ, सहा, पाच नऊ लिहिले. पुढच्या एकोणीस नोंदींना तर खोडायचीही वेळ आली नाही. मान वर करायची, काय दिसायला हवं ते माहीतच असायचं, तेच लिहायचं. त्यानंतर मला खरं काय दिसत होतं हे मला आजही सांगता येणार नाही. याची मला सगळ्यात जास्त किळस येते. खोटं लिहिल्याची येते ती वेगळी. पण पाच दिवसांत डोळे असे पाळीव होतात? मांजर तरी त्याहून हट्टी असतं.

घरी आले तर बाथरूमच्या जाळीवर केसांचा पुंजका. इथल्या पाण्यानं केस गळतात, हे इथं आलेली प्रत्येक बाई पहिल्या महिन्यात शिकते. समुद्राचं खारं पाणी गोडं केलेलं, त्यानं काय होणार? सूर्यकांतनं शॉवरला फिल्टर आणून लावला होता, "दीडशे दिरहम, म्हणजे दोन हजार रुपये, लक्षात ठेव," असं दोनदा ऐकवून. फिल्टर आहे, केसही जातातच. मी तो पुंजका बोटांनी उचलला, साबणाच्या बुळबुळीत थरासकट, आणि मला उमासा आला. आता तुम्ही म्हणाल, हिला ताराच आठवत असेल. डोंबलाचा तारा! केस म्हणजे केस. सगळ्याला सगळ्याची उपमा द्यायची ही एक घाणेरडी सवय मास्तरकी करणाऱ्यांना लागते. बाहेर हॉलमध्ये एसी ठिबकत होता, त्याच्याखाली प्लास्टिकची बादली, बादलीत पाण्यावर धुळीची साय. रिद्धी सोफ्यावर आडवी पडून चिप्स खात होती. हीच ती, जिच्यामुळे म्हणे माझे डोळे बिघडले होते. एकोणीस वर्षांची झाली, शारजाला कॉलेजात जाते, मराठीत बोललं तर इंग्रजीत उत्तर देते. मी तिला विचारलं. विचारलं म्हणजे काय, अंगावर ओतलंच सगळं. ती चिप्सचं बोट चाटत म्हणाली, "मॉम, इट्स ट्वेंटी इयर्स. नोबडी केअर्स. जस्ट से ओके." मग माझं तोंड बघून म्हणाली, "ऑर डोन्ट. बट स्टॉप वॉशिंग युअर हँड्स, यार." तेव्हा मला कळलं की मी आठवडाभर हात धूत होते.

वही कपाटावरच्या बॅगेत होती, थंडीतल्या रजयांच्या खाली. या गावात रजया कशाला आणल्या देव जाणे. गुरुवारी दुपारी, दोघंही घरात नसताना, ती खाली काढली. उघडल्याबरोबर कुबट वास आणि एक चांदीकिडा सरसर पळाला. पान सतरा. चार आकडे खोडलेल्या जागी कागद इतका पातळ झाला होता की मागच्या पानावरची रेघ दिसत होती. ट्यूबलाइटसमोर धरून बघितलं, तिरकं धरून बघितलं, नखानं चाचपलं. सातचा कुठं ठसाही नाही. घासायला मी पहिल्यापासूनच पक्की. वहीला खरं तर दुसऱ्यांदा हात लागत होता. चौऱ्याण्णव साली सरांचं पत्र आलं होतं : म्हातारी यंदा अचानक सात प्रतीवर गेली, असं आधी कधी घडल्याची नोंद नाही, विभावरी, तुमचा त्र्याऐंशीचा सीझन बघा किती स्वच्छ होता! मी ते पत्र ओट्यापाशी उभी राहून वाचलं, गॅसवर आमटी होती. त्याच दिवशी लिहायला हवं होतं की सर, नव्हता हो स्वच्छ. वही काढली, बघितली, परत रजयांखाली ठेवली आणि उत्तरात दिवाळीच्या शुभेच्छा लिहिल्या. म्हणजे एकदा खोडलं तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते, घाबरले, असं म्हणता येतं. दुसऱ्यांदा मी एकोणचाळीसची होते आणि माझ्यावर कुणी काही लादलं नव्हतं. आता निनादच्या पेपरात काय येणार, तर लोट एकदाच सुटला, चौऱ्याण्णवला, एरवी म्हातारी शांत. त्यावरून तो हिशेब करणार, किती झडलं, किती शिल्लक. आणि उत्तर सरांच्याच गोड उत्तराच्या जवळ जाणार, ते माझ्या रबरामुळे. दूरवर एखादा तारा किती जगेल याचं खोटं उत्तर दिल्यानं कुणाचं काय बिघडतं? कुणाचंच नाही. ताऱ्याचं तर नाहीच नाही. म्हणूनच मला गप्प बसता आलं असतं. म्हणूनच तर ओकारी येत होती.

शुक्रवार, सुट्टीची सकाळ. सूर्यकांत हॉलमध्ये पेपर अंथरून वजरीनं टाचा घासत बसला होता. पांढरा भुगा पेपरावर पडत होता, एका शेखसाहेबांच्या फोटोवर पडला तेव्हा तेवढा त्यानं आदरानं झटकला. माणूस वाईट नाही. "काय ठरलं तुझं?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, खरं सांगणार आहे. तो थांबला. "अगं, नाव जाईल की!" म्हणाला. "हो." "मग कशाला? कोण बघायला बसलंय? मी गोडाउनला स्टॉक मोजतो, चार पाइप इकडे, चार तिकडे, ऑडिटवाला पण म्हणतो, हबीबी, जुळलं ना, खलास." आणि मग आवाज खाली करून म्हणाला, "तू तो कागद बाथरूममध्ये नेऊन वाचतेस, मला माहीत आहे. इतकं हवंय तर घे ना. मी कधी काय दिलंय तुला त्याच्यातलं." हे त्यानं बोलायला नको होतं. मी रडले असते. पण त्याच्या अंगठ्यावर तो भुगा होता आणि मी नजर वळवली. आत जाऊन दार लोटलं, वही पलंगावर उघडून ठेवली आणि पुण्याचा नंबर लावला.

निनादनं पहिल्याच रिंगला उचलला. मी एका दमात सांगून टाकलं. चार खोडल्या, एकोणीस बघितल्याच नाहीत, सर काय म्हणाले, गोळ्या, सगळं. सांगताना सरांचा मला इतका संताप आला की शेवटी म्हटलं, "मी चुकलेच. पण त्या माणसानं पोटाकडे बघून माझे डोळे मोडीत काढले, हेही लिहून ठेवा कुठंतरी." मग तो म्हणाला, "मॅडम, सरांची स्वतःची पण एक वही आहे. ते घरच्या बाल्कनीतून बघायचे. त्यातपण त्र्याऐंशीला फेब्रुवारी ते मे खोडलेलं आहे." मला कळेना. "काय खोडलंय?" "आधी काय होतं ते वाचता येत नाही, सात असेल, पाच असेल, शपथेवर नाही सांगता येणार. वर सगळीकडे तुमचेच आकडे आहेत. मी विचारलं होतं त्यांना. म्हणाले, मला तारा मंद दिसत होता, पण मे महिन्यात विभावरीची वही बघितली तर तिला तो वक्राप्रमाणे बरोबर दिसलेला. माझी पन्नाशी झाली होती, वाटलं मोतीबिंदूची सुरुवात असेल. विभावरीचा डोळा माझ्यापेक्षा चांगला, म्हणून जुळवून घेतलं." निनाद पुढे म्हणाला, "म्हणून तर मी इतका निर्धास्त होतो, मॅडम. सरांनीच तुमच्या डोळ्याची खात्री दिली होती."

मी पलंगावर बसले. त्यांनाही दिसलं होतं. कॉलेजच्या टाकीवर मला आणि तिकडे बाल्कनीत त्यांना, दोघांनाही बरोबर दिसलं होतं, आणि मी त्यांच्यावर विसंबून माझं खोडलं, त्यांनी माझ्यावर विसंबून त्यांचं. माझे सुरुवातीचे सात त्यांनी बघितले होते, पण मी पुन्हा बघून ते बदलले म्हणजे मला नीट बघूनच पाच नऊ दिसलं, असं त्यांनी धरलं असणार. वीस वर्षं मी या माणसावर मनातल्या मनात थुंकत आले होते, आणि तो तिकडे माझ्या डोळ्यांचं कौतुक सांगत बसला होता. थुंकायलाही जागा ठेवली नाही मेल्यानं! मला हसू आलं, मग खरोखरची उलटी आली, रिसीव्हर उशीवर टाकून मी बेसिनपर्यंत पोचले. नुसतं आंबट पाणी. परत आले तेव्हा निनाद "हॅलो मॅडम, हॅलो" करत होता.

"आहे," मी म्हटलं. तो भरभर बोलायला लागला. हुशार मुलगा, लगेच वाटा शोधतो. "मॅडम, तुमचे ते पहिले चार आकडे आठवतात तुम्हाला?" "आठवतात." "मग सांगा ना! मी टीप घालतो, निरीक्षकाच्या स्मरणानुसार. चौऱ्याण्णवच्या आधी एकदा असं झालं होतं, हे केवढं मोठं आहे! अख्खा निष्कर्ष बदलतो." सात एक, सात, सात एक, सात दोन. जिभेवर होते. वीस वर्षांत एकदाही विसरले नव्हते. मी म्हटलं, "नाही सांगणार." "का पण? खरेच आहेत ना?" "खरे आहेत. पण ते माझ्या डोक्यात आहेत, वहीत नाहीत. ज्या बाईनं लिहिलेलं खोडलं, तिच्या आठवणीवर तुम्ही तारा मोजणार? मी तुमच्या जागी असते तर नसता मोजला. तो सीझन रिकामा सोडा." "मग तेव्हा काय झालं ते कुणालाच कधी कळणार नाही." "नाही कळणार," मी म्हटलं, आणि हे म्हणताना मला किती दुखलं ते सांगून सोय नाही.

तो हळूच म्हणाला, "बरं, मग एक करू या का? तुमचे बाकीचे पाच सीझन उत्तम आहेत. तुमचं नाव दुसऱ्या क्रमांकावर तसंच राहू दे. त्र्याऐंशीच्या जागी लिहितो, ढगाळ हवामानामुळे नोंदी नाहीत. कुणी विचारणार नाही, मॅडम. सरांनाही काही कळवायला नको." हे मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हतं. नाव राहत होतं. एक शब्द, तोही माझा नाही, त्याचा. मला ते इतकं हवंसं वाटलं की तोंडाला पाणी सुटलं, आंबट तोंडाला. मी पलंगावरच्या वहीकडे बघितलं. पान सतरा, अठरा, एकोणीस. आकड्यांच्या शेजारी एक अरुंद रकाना होता, त्याला कधी कुणी आक्षेप घेतला नव्हता, म्हणून तो मी खोडलाही नव्हता. आकाशाचा रकाना. त्यात तेवीस वेळा माझ्या तेव्हाच्या टपोऱ्या अक्षरात एकच शब्द लिहिलेला होता.

"ढग नव्हते," मी म्हटलं. "लिहून घ्या. सांगते तसं लिहा. 'आकाश निरभ्र होतं. सर्व तेवीस नोंदी निरीक्षकानं अपेक्षित आकड्यांशी जुळवून लिहिल्या. त्या वापरू नयेत.' लिहिलंत? सरांच्या वहीचं काय करायचं ते त्यांना विचारा, त्यांचं त्यांनी सांगावं. माझं मी सांगितलं." "मॅडम, असं कुणी पेपरात लिहीत नाही हो." "नसतील लिहीत. आणि 'निरीक्षक' म्हणून सोडू नका, तिथं नाव घाला. वर दुसऱ्या क्रमांकावरचं काढा आणि इथं घाला. पूर्ण नाव, वहीवर आहे तसं." पलीकडे कीबोर्डची टकटक सुरू झाली, थांबली. "सांगा," तो म्हणाला. लांबची लाइन, खरखर होती, म्हणून मी एकेक शब्द सुटा करून, वर्गात हजेरी घेते तशा मोठ्या आवाजात सांगितलं : विभावरी. सूर्यकांत. खांबेटे. बाहेर वजरीचा आवाज थांबला. "काय गं," हॉलमधून सूर्यकांतनं विचारलं, "मला हाक मारलीस का?"